कोकरू धरून तेवीस

पुण्याच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधल्या कारकुनानं मला विचारलं, "काम काय येतं?"

मागं रांग होती आणि माझ्या पाठीमागचा माणूस खांद्यावरून खिडकीत डोकावत होता. शेवटी मी म्हणालो, "भात लावता येतं." मागचा माणूस हसला. कारकून हसला नाही. त्यानं अर्जावर जे लिहिलं ते मी उलट्या बाजूनं वाचलं : मॅट्रिक पास, कॉलेज एक वर्ष, अनुभव नाही. मग त्यानं नंबर घातलेलं एक कार्ड दिलं आणि सांगितलं, "हे हरवू नका. बोलावणं आलं तर यावरच येईल."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. भोरजवळ उत्रोलीच्या बाजूला आमची भाताची खाचरं आहेत आणि संस्थान विलीन झालं त्या वर्षापर्यंत मी पुणं पाहिलंही नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी इंग्रजीत नापास झालो. त्यामुळं वसतिगृहातली माझी फुकट जागा गेली. रेक्टर म्हणाले होते, बाहेरून परीक्षेला बसून पास झालास तर जागा पुन्हा देऊ. म्हणजे एक वर्ष मला कुठंतरी टिकून राहायचं होतं. घरी बसलो असतो तर पुन्हा पुस्तक उघडलं असतं की नाही, मला खात्री नाही. माझ्याबरोबर मॅट्रिक झालेले दोघे तिघे असेच घरी बसले होते आणि आता त्यांच्याशी बोलताना पुस्तकाचा विषय कुणी काढत नसे.

त्या सुमाराला सरकारनं शिकलेल्या बेकार तरुणांसाठी एक योजना काढली होती. जिथं शाळा नाही अशा वाड्यावस्त्यांवर एकशिक्षकी शाळा उघडायच्या आणि तिथं आमच्यासारख्यांना नेमायचं. पोरांना शाळा मिळेल, आम्हाला काम मिळेल. दिवाळी झाल्यावर माझ्या कार्डावर बोलावणं आलं आणि मग नेमणुकीचा हुकूम. वेल्हे भागात, पाली गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक धनगरवाडा आहे, तिथं मला पाठवलं होतं. हुकुमात एक अट होती. तपासणीच्या दिवशी निदान वीस मुलं हजर पाहिजेत. नसतील तर शाळा बंद करून मास्तरचं नाव शेऱ्यासकट एक्स्चेंजकडे परत जाईल.

मी वडिलांना हुकूम वाचून दाखवला. त्यांनी पगार विचारला नाही, वाडा किती लांब तेही विचारलं नाही. म्हणाले, "परत पाठवत्याल का?"

"मुलं कमी पडली तर."

"मग कमी पडू देऊ नगंस," ते म्हणाले आणि उठून बैलांकडे गेले.

कापूरहोळपर्यंत मोटारीनं, पुढं मिळेल तशा गाडीनं आणि पालीपासून डोक्यावर ट्रंक घेऊन पायी असा मी वर गेलो. फळा मागून एका गड्यानं आणला. वाड्यावर कुडाची बारा-चौदा घरं होती. दसऱ्यानंतर देशावरून मेंढरं परत आली होती, त्यामुळं माणसं घरी होती. कारभाऱ्यानं आपल्या गोठ्याचा अर्धा भाग सारवून दिला. कारभारी म्हणजे वाड्याचा मुख्य. साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा माणूस. त्याचं बोलणं इतकं हळू होतं की ऐकायला वाकावं लागे. गोठ्याच्या उरलेल्या अर्ध्यात त्याच्या दोन गाई होत्या. पाढे म्हणताना त्यांचा आवाज मध्ये यायचा आणि पोरं हसायची.

पहिल्या आठवड्यात बाया मला बघायला यायच्या. पाण्याच्या वाटेवर उभ्या राहून विचारायच्या.

"मास्तर, लगीन झालंय का?"

"नाही."

"मग पोरं संबाळायचं शिकला कुटं?"

हे विचारणारी बाई वाड्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसणारी होती. तिचा सहा वर्षांचा मुलगा शाळेत सगळ्यांत लहान. पाटीवर तो काहीच काढायचा नाही, नुसता पाटी पुसत बसायचा. तिनंच त्याला पहिल्या दिवशी ओढत आणला होता. "ह्याला घ्या, मास्तर. ह्येचं नाव लिवलं की घरातली भांडी तरी वाचत्याल."

नावं लिहून घ्यायला कुणी हरकत घेतली नाही. पटावर बावीस नावं झाली. रोज सकाळी मी एकेक नाव वाचायचो आणि पोरं "हाये" म्हणून ओरडायची. कंदिलाच्या उजेडात मी इंग्रजीचं पुस्तक वाचायचो आणि महिनाअखेरीला हजेरीचा तक्ता भरून खाली पाठवायचो. मला वाटतं, त्या दिवसांत मी जवळजवळ सुखी होतो. पण अट विसरत नव्हतो. पोरं शिकत होती की नाही यापेक्षा पोरं किती आहेत, हेच माझ्या डोक्यात घोळायचं.

माघात पालीच्या पोस्टमनबरोबर चिठ्ठी आली. येत्या शनिवारी दिपोटी येणार. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. सगळीकडे त्यांना हेच म्हणत. चिठ्ठी वाचून मी पट उघडला. दोन मोठी पोरं बापाबरोबर मेंढरं घेऊन लांबच्या चराईला गेली होती, ती रविवारशिवाय येणार नव्हती. राहिली वीस. अट वीसचीच होती. एकही कमी चालणार नव्हतं.

मंगळवारी मी ठरवलं की तपासणीची तालीम घ्यायची. साहेब आले की रांगेत कसं उभं राहायचं, नमस्कार कसा करायचा, हे पोरांना दाखवायचं. मी त्यांना गोठ्यासमोर उन्हात एका ओळीत उभं केलं. आणि मग, कशासाठी ते आता सांगता येत नाही, बहुतेक माझीच खात्री व्हावी म्हणून, मी ओळीच्या एका टोकापासून चालत गेलो आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बोट ठेवत मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन. शेवटी तो लहान मुलगा होता. त्याच्या डोक्यावर बोट टेकवून मी म्हणालो, "वीस!" मला इतका आनंद झाला की मी ते दोनदा म्हणालो.

वाटेवर हंडा घेऊन त्याची आई उभी होती. ती हंडा तिथंच खाली ठेवून आली, मुलाला उचललं आणि घरी गेली. बाकीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी हसलं नाही.

बुधवारी सकाळी एकही पोर आलं नाही.

मी गोठ्याच्या दारात उभा राहिलो. घराघरांतून धूर निघत होता, पोरांचे आवाज येत होते. मी दिसलो की आवाज थांबायचे. एक मुलगी शेरडू ओढत समोरून गेली. मी हाक मारली तर तिनं डोळे मिटून घेतले आणि तशीच पुढं गेली. मला भीती वाटली. नेमकी कशाची ते कळत नव्हतं म्हणून जास्त वाटली. डोंगरावर मी एकटा, परका, आणि रात्रीत सगळ्यांचं काहीतरी ठरलं होतं जे मला कुणी सांगत नव्हतं.

कारभारी मेंढरांच्या कुंपणाशी बसला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तो वाखाची दोरी वळत होता.

"कारभारी, पोरं का आली नाहीत?"

"लहानग्याला ताप भरलाय," तो म्हणाला. "थंडी वाजून. काल दिस कलल्यापासनं."

"मग बाकीची?"

त्यानं दोरी खाली ठेवली. "मास्तर, आमी मेंढरं मोजत न्हाई."

मला समजलं नाही.

"बोट करून, त्वांडानं आकडा काढून जित्राप मोजलं की त्यात तूट येती. पोरांचं तर नावच नगं. शिरगणतीचा माणूस आला व्हता, त्यालाबी आमी नावं सांगितली. त्यानं घरात बसून काय लिवायचं ते लिवलं. बोट करू दिलं न्हाई. तुमी वीस म्हणला. दोनदा म्हणला. आणि श्येवट त्याच्या डोसक्यावर केला."

"पण एखादं मेंढरू हरवलं तर कसं कळतं?" मी विचारलं. हे विचारायची ती वेळ नव्हती, पण माझ्या तोंडून निघून गेलं.

"आय पोरं मोजती व्हय? जेवायला बसली की कोन न्हाई ते तिला कळतंयच की."

हे त्यानं रागानं सांगितलं नाही. पोराला समजावं तसं सांगितलं. इथं एक गोष्ट लिहायची मला लाज वाटते, पण ती टाळून पुढं लिहिणं बरोबर नाही. ताप आला हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता एकोणीस. मूल आजारी आहे हे त्यानंतर आलं. आणि तिसरं आलं ते सगळ्यांत वाईट. त्याला काही झालं, तर तो माझ्या बोटानं गेला असं हा डोंगर कायम म्हणेल. मोजण्यानं कुणी आजारी पडत नाही हे मला ठाऊक होतं. मी कॉलेजात एक वर्ष काढलं होतं. पण तिथं कुंपणाशी उभं असताना ते ठाऊक असण्याचा काही उपयोग झाला नाही.

मी त्या लहान मुलाच्या घरापाशी गेलो. ती बाई दारात आली. "आत येऊ नका, मास्तर," ती म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही. आतून पोराच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

मी तिथूनच वळलो आणि वेल्ह्याची वाट धरली. उतारावर मी दोनदा पडलो. सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हते, कंपाउंडर होता. त्यानं ताप कसा येतो, थंडी वाजते का, पोराचं वय काय, एवढं विचारलं आणि हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या कागदात बांधून दिल्या. अर्धी अर्धी कशी द्यायची ते मी त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. तो वैतागला. "अहो, तुम्ही मास्तर ना? लिहून घ्या की!" मी लिहून घेतलं.

परत वर आलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि मेंढरं चरून कुंपणात शिरत होती. कारभारी झापाशी, कुंपणाच्या दारात उभा होता. तोंडानं एक अक्षर नाही. मेंढरं त्याच्या गुडघ्यांना घासून आत जात होती. सगळी गेल्यावर तो मागच्या गड्याला म्हणाला, "तांबडी कानतुटकी मागं ऱ्हायली बग." गडी उलटा पळाला. मी गोळ्यांची पुडी कारभाऱ्याच्या हातात दिली आणि कशा द्यायच्या ते सांगितलं. त्यानं ती वास घेऊन पाहिली आणि त्या घरात नेऊन दिली. तिनं त्या दिल्या की नाही हे त्या दिवशी मला कळलं नाही.

गुरुवारीही कुणी आलं नाही. मी रिकाम्या गोठ्यात बसून राहिलो. हजेरीपत्रकात दोन्ही दिवसांचे रकाने कोरे ठेवले. दोन-तीनदा वाटलं की ट्रंक उचलून निघून जावं, म्हणजे शनिवारी इथं उभं राहावं लागणार नाही. मग वडील आठवले. परत पाठवत्याल का? पाठवण्याच्या आधी स्वतःच परत गेलेला मुलगा त्यांना कसा वाटेल, याचा अंदाज मला करता आला नाही.

शुक्रवारी सकाळी कारभारी आपणहून आला. काखेत एक काळं कोकरू होतं, पंधरा दिवसांचं असेल.

"ताप उतरलाय," तो म्हणाला. "गोळीनं म्हना, देवानं म्हना. पन मोज तशीच ऱ्हायली न्हवं. ती मोडाय पायजे."

"कशी मोडायची?"

"जशी केली तशीच. पुन्यांदा मोजा. ह्येला धरून मोजा. म्हंजी पैला आकडा खोटा पडला. खोट्या मोजीला तूट येत न्हाई."

मी म्हणालो, "तुम्हीच मोजा ना."

"ज्यानं केली त्यानंच मोडायची."

पोरं आली. त्यांच्यामागं बाया, गडी, सगळा वाडा जमला. फक्त त्या लहान मुलाची आई आली नाही. पोरं ओळीत उभी राहिली आणि कोकरू शेवटच्या मुलीच्या हातात दिलं. कारभारी म्हणाला, चराईला गेलेली दोन आणि घरात निजलेला एक, त्यांचीबी नावं घेऊन मोजा, सगळा पट पुरा करा. मी बोट उचललं. तशी भीती मला परीक्षेच्या हॉलमध्येही वाटली नव्हती. एक, दोन. समोरचं प्रत्येक पोर माझ्या बोटाखाली श्वास धरून उभं होतं. जी तीन नव्हती त्यांची नावं घेऊन मी हवेत बोट ठेवलं. बावीस. मग कोकराच्या डोक्यावर बोट टेकलं आणि मोठ्यानं म्हणालो, "तेवीस."

कोकरू ओरडलं. कुणीतरी हसलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, ह्येला पाटी कवा देनार?" मग सगळेच हसले. मी मात्र तिथंच खाली बसलो.

शनिवारी दहाच्या सुमाराला दिपोटी आले, बरोबर एक शिपाई. चढ चढून साहेब घामाघूम झाले होते, पण बोलण्यात राग नव्हता. पाणी प्यायले, फळा पाहिला, एका मुलाला सातचा पाढा विचारला. तो सातसत्ते एकोणपन्नासला अडखळला आणि गाईकडे बघायला लागला. साहेब म्हणाले, "तिकडं काय बघतोस, ती सांगणारेय का?" पोरं खुदखुदली. मग त्यांनी वही उघडली, पेन काढलं आणि पेनाचं टोक पहिल्या मुलाकडे केलं.

ते काय करणार हे सगळ्यांच्या आधी पोरांना कळलं. मागच्या ओळीतल्या मुलीनं डोळे मिटून घेतले. गोठ्याबाहेर कारभारी उभा होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मोठ्या माणसाला मध्येच थांबवायची मला सवय नाही. आजही नाही. पण माझ्या तोंडून आवाज आला, "साहेब, बोट करून मोजू नका."

"काय?"

"म्हणजे, मी नावं वाचतो. आपण वहीत खुणा करा. बेरीज आपण खाली गेल्यावर करा, साहेब. इथं आकडा काढू नका."

शिपाई माझ्याकडे बघतच राहिला. साहेबांनी पेन खाली केलं. मला वाटलं, आता संपलं. शेरा काय लिहितील तेही मला दिसायला लागलं : शिक्षक स्वतःच अडाणी समजुतींना खतपाणी घालतो.

"का?" साहेबांनी विचारलं.

मी जे खरं होतं ते सांगितलं. चार वाक्यांत, अडखळत. तालीम घेतली, मोजलं, मूल आजारी पडलं, शाळा दोन दिवस ओस पडली. हजेरीपत्रकातले कोरे रकानेही दाखवले. त्यांनी ते बघितले. नंतर बाहेर उभ्या माणसांकडे बघितलं.

"वाचा नावं," ते म्हणाले.

मी वाचली. "हाये. हाये." साहेब खुणा करत होते. मी त्यांच्या पेनाकडे बघत होतो आणि मोजायचं नाही म्हणून ठरवूनही मनात मोजत होतो. चराईला गेलेल्या दोघांच्या नावांवर शांतता. शेवटचं नाव त्या लहान मुलाचं. ते मी वाचलं आणि पट मिटायला घेतला. एकोणीस.

"हाये," बाहेरून बाईचा आवाज आला.

ती घोंगडीत गुंडाळून मुलाला कडेवर घेऊन आली होती. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. ती दारात थांबली. "उभं ऱ्हावायचं न्हाई त्याला," ती साहेबांना म्हणाली. "पन हाये. लिवा." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "मोजू नका म्हंजी झालं."

साहेबांनी खूण केली. कोकरू गाईच्या खुंट्याला बांधलेलं होतं, ते तेवढ्यात ओरडलं.

"हे कोण?" साहेब म्हणाले.

"त्ये बी साळंत येतंय," एक पोर म्हणालं.

"पटावर आहे का?"

मी घाईघाईनं नाही म्हणालो. मला अजून कळत नाही ते चेष्टेत विचारत होते की नाही.

शाळा बंद झाली नाही. पण भीती गेली असं म्हणता येणार नाही. दर महिन्याला तक्त्याच्या शेवटी आकडा लिहावाच लागे, त्याला दुसरा इलाज नव्हता. दार लावून, पोरं नसताना मी तो लिहायचो. आणि लिहिण्याआधी पेन्सिलीनं मुलांच्या नावांखाली एक ओळ वाढवायचो, तिथं 'कोकरू' असं लिहायचो आणि मग खोडून टाकायचो. तसं न करता आकडा लिहायला हात वळत नसे.

त्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसलो आणि पास झालो. वसतिगृहातली जागा परत मिळाली. माझ्या जागी एक्स्चेंजनं दुसऱ्याला पाठवलं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल. त्याच्या खिशातून तसलंच कार्ड डोकावत होतं. मी त्याला फळा, खडू, पट सगळं नीट सोपवलं. तो पानं उलटून बघायला लागला.

"हे महिन्याच्या शेवटी काय खोडलंय?"

"कोकरू," मी म्हणालो.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. समोर पोरं पाट्या घेऊन बसली होती, नव्या मास्तरकडे बघत होती. "एकूण किती आहेत?" तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता त्यानं बोट उचललं.

मी त्याचा हात धरला.